चवथीआधीचे आठवडे: दुसऱ्या वर्षाला बसण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा. वाळपईजवळच्या गावातली मुलगी, पणजीच्या कॉलेजात बी.ए., मेजर अर्थशास्त्र. पहिलं वर्ष झालं, पण एका पेपरात केटी राहिली, म्हणजे नापास झाल्याने तो पुन्हा द्यायचाय, आणि एका विषयात हजेरी कशीबशी पंचाहत्तरवर टेकली. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, त्यामुळे कॉलेजची पुस्तकं वाचायला अजून वेळ लागतो. रोज बसने ये-जा. दर वर्षी टाइमटेबल करते आणि दोन आठवड्यांत ते बारगळतं. जूनमध्ये दुसरं वर्ष सुरू होतंय, तोवर काय तयारी करू? पणजीत खोली घ्यावी का? आणि शेवटी, जरा चाचरत: गावच्या जत्रेच्या नाटकात काम करू का?

मी अर्थशास्त्रच शिकवते. परीक्षा समितीवर आणि मेंटर म्हणूनही बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे तुझ्यासारखी मुलं जून महिन्यात कुठल्या उत्साहात येतात आणि ऑक्टोबरात कुठल्या चेहऱ्याने ऑफिसच्या खिडकीशी उभी असतात, दोन्ही बघितलंय. वयाने तुझ्या बाईंच्या जागी आहे, म्हणून सरळ तू म्हणते.

टाइमटेबलपासून सुरुवात करू. ते बारगळतं कारण तू ते मे महिन्यात करतेस. मे महिन्यात ना बस असते, ना पाऊस, ना सबमिशन. 'पहाटे पाच ते सहा वाचन, रात्री आठ ते दहा लेखन' असे चौकोन कागदावर सुरेख दिसतात. पण रात्री आठला तू घरी पोचून नुकती कपडे बदललेली असतेस, आणि पहाटे पाचला डबा व्हायचा असतो. तेव्हा तासांचं टाइमटेबल यंदा करूच नको. त्याऐवजी घरातलं कालनिर्णय भिंतीवरून खाली घे आणि आठवडे मोज.

गोव्यातलं वर्षाचं पहिलं सत्र कागदावर पंधरा आठवड्यांचं असतं. प्रत्यक्षात ते दोन तुकड्यांत येतं, चवथीआधीचं (म्हणजे गणेश चतुर्थीआधीचं) आणि चवथीनंतरचं, आणि निकाल बहुतेक पहिल्या तुकड्यात ठरलेला असतो. २०२५ साली चवथ २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून, त्यामुळे चवथ १४ सप्टेंबरवर गेली. अठरा दिवस पुढे. वर्ग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाले असं धर, तर गेल्या वर्षीच्या मुलांना चवथीपूर्वी जेमतेम दहा आठवडे मिळाले. तुला तेरा मिळतील. ऐकायला बरं वाटतं, पण त्याची दुसरी बाजू बघ. अभ्यासक्रमाचा बहुतेक भाग चवथीआधीच शिकवून होणार, आणि सुट्टीवरून परत आलीस की समोर थेट परीक्षेची नोटीस. 'चवथ झाली की बसते अभ्यासाला' हे वाक्य गेल्या वर्षी एखाद्याला निभावलं असेल. यंदा ते कोणालाच निभावणार नाही.

त्यातही तेरा हा आकडा खरा नाही. कॉलेजची सुट्टी नोटिशीत लिहिलेल्या तारखेला सुरू होते, घरातली चवथ त्याच्या आठवडाभर आधी. घराची झाडलोट, रंग, नेवऱ्या, पाहुण्यांचं अंथरूण-पांघरूण, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान. मुलग्यांची एक दिवस रानात फिरून माटोळीच्या फळांची जुळवाजुळव केली की सुटका होते. बाकीचं मुलींच्या वाट्याला येतं. हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे, पण तुझं वर्ष माझ्या मतावर चालणार नाही, म्हणून हिशेबात धर. कालनिर्णयवर ५ सप्टेंबरपासून चवथीच्या सुट्टीच्या शेवटापर्यंत सरळ तांबडी रेघ ओढ. या काळात अभ्यास शून्य. झाला तर वरकड. उरले बारा आठवडे. तुझी सगळी तयारी या बारांसाठी आहे.

आता या बारा आठवड्यांत नेमकं काय घडतं ते सांगते, कारण मुलांना हे कोणी आधी सांगत नाही. पहिले तीन आठवडे सुस्त जातात. प्रवेश चालू, विषय बदलाबदली चालू, पाऊस नवा, वर्गात निम्मी मुलं. जुलैच्या मध्यावर शिक्षक भानावर येतात आणि आयएसएच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या अंतर्गत मूल्यमापनाच्या, तारखा लावायला लागतात. ऑगस्ट उजाडला की चाचणी, प्रेझेंटेशन, असाइनमेंट एकदम. आणि मग प्रत्येक शिक्षक, मीही त्यात आले, मनाच्या मोठेपणाने म्हणतो, 'असू द्या, असाइनमेंट चवथीनंतर द्या.' वर्ग खूश. पण पाच कोर्सच्या पाच शिक्षकांनी वेगवेगळ्या दिवशी दाखवलेला हा मोठेपणा सुट्टीनंतरच्या त्याच एका आठवड्यात येऊन पडतो. त्या आठवड्यात आलेल्या असाइनमेंट वाचताना कळतं की त्या बसमध्ये लिहिल्यात.

यावर उपाय साधा आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाला तास संपल्यावर गाठून विचार: 'मॅडम, आयएसएत काय काय घेणार, आणि असाइनमेंटचा विषय आताच मिळेल का?' दहातले आठ शिक्षक देतील. आम्हाला असं विचारणारं कोणी नसतं, म्हणून आम्ही ऑगस्टपर्यंत थांबतो. पाचपैकी तीन असाइनमेंट ऑगस्टच्या अखेरीस हातावेगळ्या झाल्या तर तुझं अर्धं सत्र सुटलं. आयएसएला किती गुण, सत्रान्त परीक्षेला किती, चाचणी चुकली तर पुन्हा मिळते का, हे मात्र सिनिअरना विचारू नको. तुझं कॉलेज स्वायत्त असेल तर नियम त्यांचे, नसेल तर विद्यापीठाच्या ऑर्डिनन्सचे. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत हे सगळं छापलेलं असतं, आणि ती पानं कोणी उघडत नाही.

हजेरीचं तू एका ओळीत लिहिलंस, पण मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. ज्या विषयात हजेरी कमी पडली तो सकाळच्या पहिल्या तासाचा असणार, पैज लावते. हिशेब करून बघ. चार क्रेडिटचा थिअरीचा कोर्स म्हणजे साठ तास, आठवड्याला चार. पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचेचाळीस. पंधरा चुकले तर चालतं. आता पंधरा आठवड्यांत दर आठवड्याला बसमुळे एकच तास गेला, तर ते पंधरा तिथेच संपले. ताप आला, घरात कार्य निघालं, पुलावर पाणी आलं, या कशालाच जागा उरत नाही. शिवाय टक्केवारी झालेल्या तासांवर निघते. शिक्षकांचे काही तास बुडून पन्नासच झाले, तर तुला बारा चुकवता येतात, पंधरा नाही. मुलं इथेच फसतात. त्यांच्या डोक्यात साठचा हिशेब असतो.

म्हणून वर्गाचं टाइमटेबल लागलं की पहिल्या तासाला कुठला कोर्स किती वेळा आहे ते आधी बघ, आणि त्या कोर्सची हजेरी वहीच्या मागच्या पानावर स्वतः मांडत जा. निवड तुझ्या हातात असेल तिथे, म्हणजे एमडीसी (मेजरबाहेरचा बहुविद्याशाखीय कोर्स) किंवा एसईसी (कौशल्याचा कोर्स) घेताना, मैत्रिणी काय घेतायत हे बघू नको. तास किती वाजता आहे ते बघ. यूजीसीच्या आराखड्यात एमडीसीचे तीन कोर्स, नऊ क्रेडिट, बहुतेकांचे तिसऱ्या सत्रात संपतात. तीन क्रेडिटच्या कोर्ससाठी सकाळी सव्वासहाची बस धरण्यात अर्थ नाही. विषयाच्या आवडीवर वेळेला वरचढ धरायला सांगणारी शिक्षिका म्हणून माझ्यावर टीका होईल. होऊ दे. टीका करणारे पणजीत राहतात.

बसचं बोलू. वाळपईहून होंडा, साखळी करत पणजी, मग माशेल-बाणस्तारीवरून ये किंवा डिचोली-म्हापशावरून, दीड ते दोन तास जातातच, आणि पावसात त्यावर आणखी. दिवसाचे साडेतीन तास. 'बसमध्ये अभ्यास कर' असं तुला पुष्कळांनी सांगितलं असेल. वळणांवर वाचून मळमळतं, खिडक्या लावल्या की आत काळोख. सकाळच्या बसमध्ये फक्त ऐक. गोवा सरकारच्या उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० मध्ये 'दिष्टावो' सुरू केलं, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या घटकांवर गोव्यातल्याच प्राध्यापकांचे छोटे व्हिडिओ. ते कॉलेजच्या वायफायवर उतरवून घे, गावात नेटवर्कच्या भरवशावर राहू नको. एक सावधानता मात्र ठेव. त्यातले अनेक व्हिडिओ नव्या शैक्षणिक धोरणाच्या आधीचे आहेत, आणि आपल्याकडे नवा अभ्यासक्रम २०२३-२४ पासून लागला. तेव्हा पेपरचं नाव जुळतंय म्हणून ऐकत बसू नको, घटकाचं नाव जुळवून ऐक. संध्याकाळच्या बसमध्ये झोप. त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

खरा अभ्यास बसमध्येही होणार नाही आणि रात्री घरीही नाही. तो तास सुटल्यानंतर आणि बस धरायच्या आधी होईल. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कदंब बसस्थानकावरून चालत जाण्याइतकं जवळ. १८३२ मध्ये पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेलं हे ग्रंथालय देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, पण तुझ्यासाठी त्याचा इतिहास दुय्यम आहे. मुख्य म्हणजे तिथे कोरडी जागा आहे, उजेड आहे, आणि कोणी हाक मारत नाही. आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास तिथे बसलीस तर बारा आठवड्यांत चोपन्न तास होतात. घरी रात्री बसून इतके तास भरलेली मुलगी मी तरी पाहिलेली नाही. त्या तीन दिवशी घरी आधीच सांगून ठेव की उशीर होणार. आणि शेवटच्या बसच्या आधीची बस धर. पावसात शेवटच्या बसवर विसंबणं म्हणजे मावशीकडे मुक्काम.

आता केटी. इथे माझं मत बहुतेक सगळ्यांच्या उलट आहे. मुलं मे महिन्यात पुढच्या वर्षाची पुस्तकं आणून पहिली दोन प्रकरणं वाचतात. त्याने बरं वाटतं. उपयोग फारसा नाही, कारण शिक्षक कुठून सुरुवात करणार ते तुला ठाऊक नसतं, आणि जुलैपर्यंत वाचलेलं गेलेलं असतं. मे-जूनमध्ये नक्की हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे राहिलेला पेपर. त्याचा अभ्यासक्रम माहीत आहे, प्रश्नांची तऱ्हा माहीत आहे, वर्ग एकदा होऊन गेलाय. सुट्टीत तो उरकला तर सत्रात त्याच्यासाठी फक्त उजळणी ठेवायची. सत्र सुरू झाल्यावर केटीचा अभ्यास कोणी करत नाही. करायचं ठरवतात सगळेच. आणि केटीचा फॉर्म वेगळा भरायचा असतो, त्याची नोटीस वेगळी लागते, मुदत वेगळी असते. नियमित परीक्षेच्या फॉर्मबरोबर तो आपोआप जाईल असं समजून बसलेली दोन-तीन मुलं आमच्याकडे दर वर्षी निघतात.

केटी का काढायची हे क्रेडिटच्या भाषेत सांगायचं तर तीन वर्षांची पदवी एकशेवीस क्रेडिटची, सत्राला वीस. राहिलेला पेपर म्हणजे वीसपैकी चार तिथेच अडकले. पुढे चौथं वर्ष, तेही संशोधनासह ऑनर्स, करायचा विचार असेल तर पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के लागतात. ते आज दूर वाटेल, पण सहापैकी दोन सत्रं तुझी होऊन गेलीत.

जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतील. तिसऱ्या सत्राच्या नव्या अभ्यासक्रमाच्या नियमित परीक्षा आजवर दोनदाच झाल्यात, २०२४-२५ आणि २०२५-२६ मध्ये. त्या दोन्ही मिळव. त्याआधीच्या दहा वर्षांच्या गठ्ठ्याची झेरॉक्स काढून पैसे घालवू नको. त्यातले प्रश्न वाईट नसतात, पण घटक इकडचे तिकडे झालेत.

इंग्रजीबद्दल तू जे लिहिलंस ते सत्तरी, सांगे, पेडणे, काणकोण इथली निम्मी मुलं मनात घेऊन वावरतात आणि कोणाला सांगत नाहीत. शब्दकोश घेऊन ओळीओळीने वाचणं सोड, त्याने एका पानाला तास जातो आणि हाती काही लागत नाही. अशी वाच. एक परिच्छेद पूर्ण वाच, अडलं तरी थांबू नको. पुस्तक बंद कर. जे कळलं ते मराठीत, तोंडाने, कोणाला तरी सांगतेय असं बोल. घरात कोकणीत बोलत असशील तर कोकणीत. जिथे अडखळलीस तिथे तुला कळलेलं नाही, तेवढ्यापुरतं पुन्हा पुस्तक उघड. मग तेच तीन इंग्रजी वाक्यांत लिही. वाक्यं लहान ठेव. परीक्षक पाल्हाळ वाचायला बसलेला नसतो.

मागणीची लवचिकता घे, तिसऱ्या सत्रात पुन्हा पुन्हा भेटेल. पुस्तकात चहा-कॉफी आणि पेट्रोल असतं. तू वाळपईच्या मासळी बाजारात जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, ताजा बांगडा कमी आणि महाग. विचार कर, तुझी आई काय करते? महाग म्हणून कमी घेते, की अजिबात घेत नाही आणि पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं, सुकं काढते? शेजारणीकडे सुकं नसेल तर ती काय करते? पर्याय हाताशी असला की मागणी जास्त लवचिक, नसला की कमी. आता ऑगस्टमध्ये ट्रॉलर निघाले, भाव उतरले, तेव्हा सुक्या मासळीच्या मागणीचं काय होतं? ही झाली छेदक लवचिकता. हे तू मराठीत दोन मिनिटांत सांगशील. मग तेच इंग्रजीत पाच ओळींत लिही, व्याख्या पुस्तकातली घाल, उदाहरण हेच ठेव. चहा-कॉफीच्या साठ उत्तरपत्रिकांनंतर बांगडा आला की तपासणारीचा पेन थांबतो. मी माझ्यावरून सांगते.

असे रोज एक परिच्छेद, एकच. सुट्टीत केटीच्या पेपरवर हाच सराव कर, म्हणजे दोन कामं एकात होतील. कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकांच्या योजनेचं, सभासद असेल तर ग्रंथपालांकडून स्वतःचं लॉगिन मागून घे, ई-पुस्तकं घरबसल्या मिळतात. पण दुसऱ्या वर्षाला ई-पुस्तकांपेक्षा एक छापील पुस्तक धरून बसणं मला जास्त फायद्याचं दिसलंय. ते जूनमध्येच ग्रंथालयातून काढ, ऑगस्टमध्ये फाटलेली प्रतच उरते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत ठेव. आपल्या पावसाला बॅगेचं कव्हर पुरत नाही.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते मे महिन्यातच संपव. डिजिलॉकरमध्ये जाऊन एबीसी खात्यात (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) पहिल्या दोन सत्रांची क्रेडिट्स चढलीत का बघ. नावाचं स्पेलिंग बघ. आपल्याकडे गावकर हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात, जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, बारावीच्या मार्कशीटवर तिसरं, आणि ते निस्तरायला तिसऱ्या वर्षाच्या शेवटी धावाधाव होते. तुझा प्रवर्ग तू लिहिलेला नाहीस. शिष्यवृत्ती लागू असेल, ओबीसीची मॅट्रिकोत्तर किंवा एसटी असशील तर गगन भरारी, तर उत्पन्नाचा दाखला आधी लागेल. तलाठ्याकडून अहवाल, मग वाळपईच्या मामलेदार कचेरीत. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखलाही मागतात. नवे प्रवेश सुरू झाले की तिथे रांग लागते, तू मे महिन्यात जा. राष्ट्रीय पोर्टलवरची शिष्यवृत्ती असेल तर दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, एकदा भरली म्हणून चालू राहत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि ते जोडणं शेवटी ज्या बँकेत झालं तिकडे जातात. मध्ये कुठे नवं खातं उघडून आधार दिला असशील तर पैसे तिकडे गेले असतील, आणि तू जुनं पासबुक भरून बघत बसशील. बोनाफाइड एकदम तीन प्रती मागून घे, कदंबच्या पासला एक लागतेच.

खोलीचं विचारलंस. नको. पणजीत आणि आसपास पर्यटनामुळे भाडी चढलेली आहेत, त्यावर मेसचा खर्च, आणि पहिल्या वर्षाची केटी प्रवासाने आली असं तुझ्या लिहिण्यावरून मला दिसत नाही. ती इंग्रजी वाचनाने आली असावी. परीक्षेच्या दोन-तीन आठवड्यांपुरतं मात्र ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, कुठेही आत्या, मावशी, काकी असेल तर आधीच विचारून ठेव. चवथीला सगळे गावी येतात, तेव्हा समोरासमोर विचारता येईल. फोनवर विचारलं की लोक हो म्हणतात आणि मग अडचणी निघतात. स्कूटरचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर पाऊस संपेपर्यंत तो बाजूला ठेव. साखळीच्या पुढच्या रस्त्यावर जुलैत स्कूटर हाकत ये-जा करायला मी कोणालाच सांगणार नाही.

टाइमटेबल नको म्हटलं, पण काहीच नको असं नाही. आठवड्याला तीन कामं लिही, जास्त नाही. या आठवड्यात केटीचा एक घटक, एक असाइनमेंट अर्धी, ग्रंथालयाचे तीन दिवस, एवढंच. रविवारी कालनिर्णयवर त्या आठवड्याच्या चौकोनात खूण कर. एखादा आठवडा पाण्यात गेला तर पुढच्यात तो भरून काढायला जाऊ नको, पुढच्याची तीन कामं कर. मागची थकबाकी डोक्यावर घेऊनच मुलं टाइमटेबल सोडून देतात. आणि मेंटर मॅडमकडे जुलैत एकदा जा, काही अडलेलं नसताना. केटी आहे, बस आहे, हे त्यांना आधी माहीत असलं तर ऑक्टोबरात तुझी बाजू कोणीतरी मांडतं. अडल्यावर आलेल्या चाळीस मुलांतली तू एक झालीस तर त्यांनाही काही करता येत नाही.

राहिलं नाटक. कर. जत्रांचे दिवस कार्तिकानंतर, म्हणजे तुझी सत्रान्त परीक्षा झाल्यावर येतात. तालमी चौथ्या सत्राच्या सुस्त आठवड्यांत पडतात, आणि आमच्या गावांतल्या मुलांचं मराठी ज्या रंगमंचावर घडलं तो परीक्षेच्या भीतीने सोडायचा हे मला पटत नाही. घरच्यांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. फक्त जत्रेची तारीख आणि फेब्रुवारीतली आयएसए एकाच आठवड्यात येतात का ते आधी बघ, येत असतील तर शिक्षकांना डिसेंबरातच सांग. दुसऱ्या-तिसऱ्या अंकात येणारी एखादी भूमिका माग, म्हणजे तालमीला रोज पहिल्यापासून बसावं लागणार नाही. आणि शिकलेली मुलगी म्हणून तुझ्या हातात संहिता देऊन प्रॉम्प्टिंगला बसवायला बघतील, त्याला स्पष्ट नाही म्हण. प्रॉम्प्टरला सगळ्या तालमींना, पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत बसावं लागतं, आणि सकाळची बस त्याच्यासाठीही सव्वासहालाच असते.